पॉलिटिकल सायन्सच्या पीएचडीचे फॉर्म गेले, आता एप्रिलपर्यंत नक्की काय करायचं?

अमेरिकेतल्या पॉलिटिकल सायन्स पीएचडीचे बहुतेक फॉर्म डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरून होतात आणि पुढे एप्रिलच्या मध्यापर्यंत नुसती वाट बघायची असं सगळे धरून चालतात. मी नाशिकमध्ये तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, दरवर्षी एक-दोन जण तरी हे फॉर्म भरतातच, आणि जानेवारी उजाडला की त्यांचे तेच ते मेसेज सुरू. मॅडम पोर्टलवर काहीच दिसत नाहीये, मॅडम अमक्याला रविवारी मेल आला म्हणे मग माझं काय, मॅडम डिपार्टमेंटला फोन करू का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. या चार महिन्यांतली निम्मी कामं तुमच्या हातातली आहेत आणि त्यांना तारखा आहेत, उरलेलं निम्मं कमिटीच्या हातात आहे आणि तिथे तुमच्या जागरणाने काडीचाही फरक पडत नाही, एवढं वेगळं करता आलं की बराच ताप वाचतो.

आधी फाइल पूर्ण आहे का ते बघा

सबमिट बटण दाबलं म्हणजे अर्ज पूर्ण झाला असं नसतं. बरीच विद्यापीठं स्लेट नावाची सिस्टीम वापरतात, फॉर्म भरल्यावर एक-दोन दिवसांत त्याच्या स्टेटस पेजचं लॉगिन मेलवर येतं. त्या पेजवर चेकलिस्ट असते, काय पोचलं त्याच्यापुढे टिक आणि काय बाकी आहे ते वेगळं दिसतं. सगळ्या ठिकाणचं हे पेज नाताळच्या आत एकदा तरी उघडून बघाच, कारण सगळ्यात जास्त गोंधळ शिफारसपत्रांचा होतो. तीन पत्रं लागतात, त्यातली दोन वेळेत जातात आणि तिसरे सर पेपर तपासणीत नाहीतर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींत अडकलेले असतात, शिवाय पत्र अपलोड करायची लिंक गेलेली असते कॉलेजच्या ईमेलवर जो सर महिन्यातून एकदा उघडतात. पोर्टलवरून रिमाइंडर पाठवता येतो तो पाठवा, पण त्यावर विसंबून राहू नका, सरळ स्टाफरूममध्ये जाऊन भेटा आणि "सर, लिंक स्पॅममध्ये गेली असेल, आपण आत्ताच बघूया का" असं म्हणून समोर बसून घ्या. उद्धटपणा वाटत असेल तर वाटू द्या. डेडलाइन उलटून गेली तरी पत्रं काही दिवस उशिरा आलेली बहुतेक ठिकाणी चालतात, पण कमिटी वाचायला बसायच्या आत ती पोचली पाहिजेत.

टोफेलचा (इंग्रजीची परीक्षा) आणि जीआरईचा (प्रवेशासाठीची अभियोग्यता परीक्षा) स्कोअर पाठवलाय पण पोर्टलवर दिसत नाहीये असंही होतं, जुळणी व्हायला वेळ लागतो, आठवडा-दोन आठवडे थांबा आणि मग ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका. जीआरई आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे किंवा मागतच नाहीत, त्यामुळे तुमच्या यादीत जिथे लागते तिथलंच बघा. टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच, हे पुढच्या वर्षी परत भरायची वेळ आलीच तर कामाला येईल.

एक शीट बनवा, खरंच

गूगल शीट उघडा आणि प्रत्येक ठिकाणाला एक ओळ द्या. कॉलम हे ठेवा: विद्यापीठ, तुम्ही टाकलेलं सबफील्ड (विषयाची उपशाखा), पोर्टलची लिंक आणि लॉगिन कुठल्या मेलने केलंय ते, तिन्ही पत्रांची स्थिती, स्कोअर पोचला का, तुमच्या कामाच्या जवळचे तिथले दोन-तीन प्राध्यापक, मागच्या काही वर्षांत निकाल साधारण कधी लागले, इंटरव्ह्यू घेतात का, आणि शेवटी "निकाल" असा रिकामा कॉलम. पासवर्ड शीटमध्ये लिहू नका, ते वेगळे ठेवा.

प्राध्यापकांचा कॉलम का, तर इंटरव्ह्यूचा मेल अचानक येतो, कधी तीन-चार दिवस आधी, आणि तेव्हा दहा विद्यापीठांत कोण कशावर लिहितं हे आठवत नाही. ज्यांची नावं तुम्ही स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये टाकलीत त्यांचा निदान एकेक पेपर आत्ता निवांतपणे वाचून दोन ओळी लिहून ठेवा. शिवाय कोणी दुसऱ्या विद्यापीठात चाललंय का, सॅबॅटिकलवर आहे का, तेही त्यांच्या वेबसाइटवर कधीकधी कळतं.

आत काय चाललेलं असतं

हा भाग नीट वाचा, कारण निम्मी काळजी हे माहीत नसल्यामुळे होते.

पॉलिटिकल सायन्स तिथे एकसंध नसतं, कंपॅरेटिव्ह पॉलिटिक्स, इंटरनॅशनल रिलेशन्स, अमेरिकन पॉलिटिक्स, पॉलिटिकल थिअरी आणि मेथड्स असे सबफील्ड असतात, आणि अर्ज साधारण त्याप्रमाणे वाटून वाचले जातात. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण कंपॅरेटिव्हमध्ये टाकतात, थोडे आयआरमध्ये, एखादा थिअरीत. एकूण अर्ज शेकड्यांनी येतात आणि वर्ग असतो दहा-वीस जणांचा, काही ठिकाणी त्याहून लहान. आता दहा-वीस जागा पाच सबफील्डमध्ये विभागा म्हणजे थिअरीच्या वाट्याला काय येतं ते दिसेल, आणि एखाद्या वर्षी एखाद्या सबफील्डला काहीच येत नाही असंही होतं.

प्राध्यापकांची कमिटी जानेवारीत फायली वाचते, आधी चाळणी, मग छोटी यादी, मग त्या यादीवर बसून वाद. तिथे नुसतं "हा विद्यार्थी चांगला आहे का" एवढंच बघत नाहीत, "याला शिकवणार कोण" हाही प्रश्न असतो. दक्षिण आशियावर काम करणारे एकच प्राध्यापक असतील आणि त्यांच्याकडे मागच्या दोन वर्षांत दोन विद्यार्थी आलेले असतील तर यंदा तुमचा नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या राजकारणावरचा प्रपोजल कितीही भारी असला तरी जागा नसते. हे तुम्हाला कोणी सांगत नाही, रिजेक्शनमध्ये फक्त "अर्ज खूप चांगले होते" एवढंच लिहिलेलं असतं.

कमिटीने नावं ठरवली की डिपार्टमेंट ती ग्रॅज्युएट स्कूलकडे शिफारस म्हणून पाठवतं आणि अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूल काढतं. म्हणून कितीतरी वेळा आधी डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीजचा किंवा तुमच्या विषयातल्या प्राध्यापकांचा साधा मेल येतो की अभिनंदन, आम्ही तुमची शिफारस केलीय, आणि पोर्टल मात्र पुढचे कित्येक दिवस "अर्ज विचाराधीन" असंच दाखवत राहतं. आधी होकार जातात, नकार नंतर एकगठ्ठा जातात, कधी कधी तर महिन्याने. मधल्या काळात ज्यांना काहीच आलं नाही त्यांच्यातले काही वेटलिस्टवर असतात, आणि सगळीच डिपार्टमेंट्स ते कळवत नाहीत. म्हणून दुसऱ्या कोणाला होकार आला आणि तुम्हाला आला नाही याचा अर्थ बहुतेक वेळा नकार असतो पण नेहमी नसतो. धरून नकारच धरा, शीटमध्ये मात्र लिहू नका.

आणि पैशाचं. पीएचडीच्या जागा म्हणजे पाच वर्षांचा पगार, फीमाफी आणि विमा एका माणसामागे, त्यामुळे बजेट आकसलं की जागा कमी होतात. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या केंद्राच्या निधीचा गोंधळ सुरू झाल्यापासून कित्येक विद्यापीठांनी प्रवेश कमी केले, हार्वर्डच्या कला आणि विज्ञान विभागानेसुद्धा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पीएचडीच्या जागांना मोठी कात्री लावली. जुन्या वर्षांचे आकडे बघून अंदाज बांधत असाल तर हे डोक्यात ठेवा.

घड्याळ आणि झोप

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑफिसचे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन. पश्चिम किनारा असेल, म्हणजे स्टॅनफर्ड, बर्कली, सॅन दिएगो, तर रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग आपल्याकडे हे सगळं एक तास अलीकडे येतं. म्हणजे दिवसभर कॉलेज रोडवर बसून दर दहा मिनिटांनी मेल रिफ्रेश करण्यात काही अर्थ नाही, त्या वेळी तिकडे सगळे झोपलेले असतात.

माझं सांगणं एवढंच की दिवसातून दोनदा बघा, रात्री जेवणानंतर एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा. जीमेलमध्ये विद्यापीठांच्या मेलसाठी फिल्टर लावा, कधीच स्पॅममध्ये टाकू नये असं टिक करा आणि एक लेबल द्या, मग रात्री फोन सायलेंट. रात्री दोनला होकार आला काय आणि सकाळी सातला वाचला काय, ऑफर कुठे पळून जात नाही. शनिवारी सकाळी मात्र जरूर बघा, शुक्रवारी दुपारी तिकडे बरेच निकाल सुटतात आणि आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची मध्यरात्र उलटून गेलेली असते. रविवारी आणि सोमवारी दिवसभर काही येणार नाही असं समजून चाला.

महिन्यांचा अंदाज

जानेवारीत शक्यतो शांतता, शेवटच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आणि एखाद-दुसरा लवकरचा निकाल. फेब्रुवारी सगळ्यात गरम, होकारांचा मोठा गठ्ठा फेब्रुवारीतच येतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरलेले होकार, वेटलिस्ट आणि नकार. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी मारायची वेळ येईपर्यंत बहुतेक चित्र स्पष्ट झालेलं असतं. मार्चमध्येच व्हिजिट डे (होकार आलेल्यांना डिपार्टमेंट बघायला बोलावतात ते दिवस) असतात आणि एप्रिलचे पहिले पंधरा दिवस वेटलिस्टवाल्यांचे.

ब्रिटनचं गणित वेगळं आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला प्रवेश आणि पैसा हे दोन वेगळे निर्णय, मार्चच्या आसपास प्रवेशाचं पत्र येतं आणि स्कॉलरशिपचं नंतर कळतं किंवा कळतच नाही. त्यामुळे तिकडचं पत्र आलं की पेढे वाटायच्या आधी "फंडिंग" हा शब्द पत्रात कुठे आहे ते शोधा.

डिपार्टमेंटला मेल करायचा का

मार्चच्या वीस तारखेपर्यंत नाही. त्याआधी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारलं की एकच साचेबद्ध उत्तर मिळतं. अपवाद दोन. काही ठोस नवीन असेल, म्हणजे पेपर स्वीकारला गेला, एमएचा निकाल लागला, जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळालं, तर चार ओळींचा मेल, अर्ज क्रमांकासकट, आणि "फाइलमध्ये जोडता आलं तर आभारी राहीन" एवढंच. दुसरा अपवाद, दुसरीकडून ऑफर आलीय आणि यांच्याकडे जायची खरी इच्छा आहे. मग कोणाची ऑफर आहे, कधीपर्यंत सांगायचंय, आणि यांचा निर्णय साधारण कधी, हे सरळ विचारायचं. यात काही उद्धटपणा नाही, तिकडे ते रोजचं आहे. प्राध्यापकांना वैयक्तिक मेल करून "सर, प्लीज माझी फाइल बघा" असं मात्र अजिबात नको. आपल्याकडे ओळख काढायची सवय असते, तिकडे ती अंगलट येते.

मार्चच्या वीस तारखेनंतर काहीच कळलं नसेल तर एक सभ्य मेल टाकायला हरकत नाही.

इंटरव्ह्यू आला तर

सगळे घेत नाहीत. घेतात ते वीस-तीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एक किंवा दोन प्राध्यापक. प्रश्न ठरलेले: तुमचा संशोधनाचा प्रश्न काय, तो महत्त्वाचा का, पुरावा कुठून आणणार, तुमचं म्हणणं चुकीचं आहे हे कशावरून कळेल, आणि इथेच का. शेवटून दुसरा प्रश्न बहुतेकांना अडवतो. आपल्याकडे एमएला विचारवंतांचे विचार आणि त्यांची समीक्षा असं शिकवतात, तिकडे विचारतात की तुमच्या दाव्याच्या उलट काय दिसलं तर तुम्ही तो सोडाल. समजा तुम्ही म्हणताय की द्राक्ष बागायतदारांच्या संघटना मजबूत असलेल्या तालुक्यात आमदार पाण्याच्या प्रश्नावर जास्त बोलतात, तर संघटना मजबूत आहे पण आमदार गप्प आहे असे तालुके किती सापडले की तुम्ही तुमचं म्हणणं बदलाल? हे आधीच बोलून बघा, मराठीत बोला आधी, मग इंग्रजीत. पाठ करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

लाइट आणि नेट. कॉल रात्री नऊ-दहाला असणार, त्या वेळी लाइट गेली तर वायफाय गेलं, म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, लॅपटॉप फुल चार्ज. घरच्यांना सांगून ठेवा की अर्धा तास मिक्सर नाही, टीव्ही नाही, आणि काकूंना दाराची बेल वाजवू नका म्हणा.

ऑफर आली, आता ती वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पत्रात मोठा आकडा असतो, उदाहरणार्थ ३६,००० डॉलर, आणि तो बघून घरी लगेच रुपयात गुणाकार सुरू होतो. तसं करू नका. पहिलं बघा तो आकडा नऊ महिन्यांचा आहे की बारा. नऊचा असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने कोण देणार, हमी आहे की "शक्य झाल्यास" आहे. दुसरं, किती वर्षांची हमी, पाच चांगली, आणि कशाच्या अटीवर. तिसरं, पहिलं वर्ष फेलोशिप आहे की पहिल्या दिवसापासून टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवायचंय, आणि आठवड्याला किती तास. चौथं, फीमाफी पूर्ण आहे पण वेगळी "फी" म्हणून दर सेमिस्टरला काही कापतात का, ते काही ठिकाणी शेकडो डॉलर होतं. पाचवं, आरोग्य विमा पूर्ण भरतात का. आणि मग त्या गावात एका खोलीचं भाडं काय. न्यूयॉर्कमध्ये आणि मिडवेस्टच्या एखाद्या कॉलेज टाउनमध्ये सारखाच पगार म्हणजे सारखंच आयुष्य नव्हे. करही कापला जातो, फक्त भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथलं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, हे लक्षात ठेवा, रिटर्न भरताना उपयोगी पडतं.

कधी कधी पीएचडीला नकार आणि सोबत मास्टर्सची ऑफर येते. शिकागो विद्यापीठ पीएचडीच्या अर्जदारांना आपल्या मॅप्स नावाच्या एक वर्षाच्या सामाजिक शास्त्रांच्या एमएकडे वळवतं, हे जुनंच आहे. कोर्स वाईट नाही, त्यातून लोक पीएचडीला गेलेत, पण पैसा मुख्यतः तुमच्या खिशातून. त्यासाठी ओझरची जमीन किंवा सिडकोतलं घर गहाण टाकायचं असेल तर माझं मत स्पष्ट नाही असं आहे. पूर्ण फीमाफी आणि वर जगण्यापुरतं मिळत असेल तर विचार करा.

व्हिजिट डेला नाशिकहून प्रत्यक्ष जाणं शक्यतो जमत नाही, तेवढ्यात व्हिसा कुठला मिळायला, पण ऑनलाइन सेशन असतं ते सोडू नका. आणि तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी वेगळं बोला, शक्यतो तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या. त्यांना हे विचारा: तुमचे गाइड किती दिवसांत मसुदा वाचून देतात, तुमच्या बॅचमधले किती जण सोडून गेले, मागच्या काही वर्षांत तुमच्या सबफील्डमधून कोणाला कुठे नोकरी लागली, फील्डवर्कला भारतात यायला पैसे मिळतात का. शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा.

१५ एप्रिल आणि वेटलिस्ट

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संस्था आहे, तिच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी सक्तीने मागता येत नाही. कोणी "दोन आठवड्यांत कळवा" म्हणालं तर त्या विद्यापीठाचं नाव सह्यांच्या यादीत आहे का ते बघा आणि नम्रपणे त्या ठरावाचा उल्लेख करा. युरोप-ब्रिटनला हा नियम नाही. १५ तारीख म्हणजे तिकडची १५, पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे १६ च्या पहाटेचे अडीच, पण त्या टोकापर्यंत जाऊच नका.

आता वेटलिस्ट. ती हलते कधी, तर कोणीतरी ऑफर सोडतं तेव्हा, आणि बहुतेक लोक शेवटच्या आठवड्यात सोडतात, त्यामुळे १० ते १५ एप्रिलमध्ये धावपळ होते. तुमच्याकडे तीन ऑफर असतील आणि त्यातल्या एकीला जाणार नाही हे नक्की असेल तर आजच सोडा, रुबाब म्हणून धरून ठेवू नका, तिकडे दुसरं कोणीतरी तुमच्यासारखंच फोन धरून बसलंय. तुम्ही स्वतः वेटलिस्टवर असाल तर एकदा मेल करा की जागा मिळाली तर मी नक्की येईन. खरंच नक्की येणार असाल तरच हे वाक्य लिहा. यादीत तुमचा नंबर कितवा ते विचारता येतं, पण बऱ्याच ठिकाणी सबफील्डप्रमाणे वेगवेगळ्या याद्या असतात आणि नंबरच नसतो.

तोवर इकडचं सोडू नका

यूजीसी नेटची डिसेंबर सायकलची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणजे बरोबर फॉर्म भरून झाल्यावर. कंटाळून ती सोडणारे खूप बघितलेत. जेआरएफ मिळालं तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, आणि जेएनयूसारख्या ठिकाणी आता पीएचडीचा प्रवेश नेटवरूनच होतो. जेआरएफ नाही मिळालं तरी २०२४ पासून "फक्त पीएचडीसाठी पात्र" असाही गट आहे, त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, फक्त तो स्कोअर एकच वर्ष चालतो. महाराष्ट्रातली सेट पुणे विद्यापीठच घेतं, तिचाही फॉर्म भरून ठेवा, तासिका तत्त्वावर का होईना शिकवायला लागायचं तर नेट किंवा सेट मागतातच. पुणे विद्यापीठाची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) असते, संशोधन केंद्रं नाशिकच्या कॉलेजांतही आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

परदेशासाठीच्या सरकारी स्कॉलरशिपचा विचार ब्रिटनवाल्यांनी जास्त करायचाय. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. पण केंद्राच्या योजनेत २०२२ मध्ये एक अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय चालणार नाहीत. राज्यशास्त्रवाल्यांना ही अट थेट लागते, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचना नीट वाचा.

आणि गणित. ऑगस्टमध्ये बऱ्याच डिपार्टमेंट्समध्ये कोर्स सुरू व्हायच्या आधी एक-दोन आठवड्यांचा "मॅथ कॅम्प" असतो, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी. बारावी आर्ट्सवाल्यांना तिथे घाम फुटतो. रोज एक तास, बारावी सायन्सचं पुस्तक आणि कॉम्प्युटरवर आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) शिकणं, एवढं फेब्रुवारीत सुरू केलं तरी पुरे. अमेरिका नाही झाली तरी हे वाया जात नाही.

घरचे आणि नातेवाईक

"काय झालं गं तुझ्या अमेरिकेचं" हा प्रश्न हळदीकुंकवात येणार, लग्नात येणार, सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणार. एकच उत्तर ठरवून ठेवा: "निकाल एप्रिलमध्ये आहे." फेब्रुवारी वगैरे सांगितलंत तर फेब्रुवारीपासून रोज विचारतील. आईवडिलांना मात्र शीट दाखवा. त्यांना वाटतं की पोरगी नुसती फोन बघत बसलीय, दहा ओळींपुढे कामाची स्थिती दिसली की तेही शांत होतात आणि कधीकधी तेच विचारतात की अमुक सरांचं पत्र गेलं का.

कागद

पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाका. (आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात, पण त्याने तुमचा लवकर येत नाही.) ट्रान्सक्रिप्टचा अर्ज जानेवारीत द्या, कारण होकार आल्यावर अधिकृत प्रत मागतात आणि तोवर परीक्षेचा हंगाम सुरू झालेला असतो. सगळ्या गुणपत्रिकांवर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, हे बघा, फरक असेल तर ॲफिडेव्हिटची तयारी ठेवा.

ऑफर स्वीकारल्यावर विद्यापीठ आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म) पाठवतं. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार हे लिहिलेलं असतं, स्टायपेंड नऊ महिन्यांचाच असेल तर उरलेल्याचं बँक स्टेटमेंट मागू शकतात. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसाचा अर्ज १८५ डॉलर, बोटांचे ठसे आणि मुलाखत मुंबईत, मुलाखत बीकेसीला. ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी असतात म्हणून मुंबईत एखादा मुक्काम धरून चाला, सकाळच्या स्लॉटला त्याच दिवशी पहाटे कसारा घाट उतरून जाऊ असं धाडस नको. २०२५ च्या मे महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट काही आठवडे थांबवल्या होत्या आणि जूनपासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणजे राजकीय पोस्ट असणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण खातं लपवू नका आणि आपण काय लिहिलंय ते एकदा स्वतः वाचून ठेवा. स्लॉट उघडले की लगेच घ्या, मेमध्ये बघू म्हणू नका.

एकही होकार नाही आला तर

होतं. चांगल्या चांगल्यांचं होतं, आणि दुसऱ्या वर्षी गेलेले कितीतरी असतात. एप्रिलभर काही करू नका. मेमध्ये स्वतःचा रायटिंग सॅम्पल उघडा आणि पहिली तीन पानं वाचून संशोधनाचा प्रश्न सापडतो का ते बघा, नसेल सापडत तर तिथून सुरुवात. कमिटीला "का नाकारलं" असं विचारू नका, उत्तर येत नाही. पण ज्या प्राध्यापकांशी इंटरव्ह्यू झाला होता त्यांना एक आभाराचा मेल टाकून पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा विचार आहे असं लिहिलं तर काही जण खरंच दोन ओळींचा सल्ला देतात.

यादीही बदला. दहापैकी दहा नामांकित असतील तर यंदा निम्मी अशी ठेवा की जिथे तुमच्या विषयातले दोन तरी प्राध्यापक आहेत, नाव कितीही अनोळखी वाटो. अर्जाच्या फीच्या माफीचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात, बऱ्याच विद्यापीठांत आर्थिक अडचण दाखवून अर्जाची फी माफ होते, काही ठिकाणी मात्र ती सवलत फक्त अमेरिकन नागरिकांना असते, म्हणून आधी मेल करून विचारा. आणि पत्र देणाऱ्या सरांना जुलैतच सांगून ठेवा, या वेळी त्यांच्या जीमेलवर लिंक पाठवायची का तेही तेव्हाच विचारून घ्या, काही विद्यापीठांना संस्थेचाच ईमेल लागतो.